शिवणाऱ्या हाताचे नाव

एखाद्या विद्यार्थ्यास त्याच्या अंगातील सदरा कोठून आणला असे विचारले, तर तो दुकानाचे नाव तत्काळ सांगतो. सदऱ्याच्या छातीवर नामांकित कंपनीचे चिन्ह असल्यास विचारण्याचीही गरज पडत नाही. दहा हातांवरून ते आपली ओळख आपणच करून देते. परंतु तोच सदरा शिवला कोणी, असे विचारले की उत्तर नसते. कापड कोणी विणले ही गोष्ट तर दूरच राहिली. स्वयंपाक करणारीचे नाव घरातील लहानमोठ्या सर्वांस ठाऊक असते. घर बांधणाऱ्या गवंड्याचे नाव निदान घरधन्यास तरी ठाऊक असते. पण जे वस्त्र दिवसभर अंगास लागून असते, त्याच्या कर्त्याचे नाव कोणासच ठाऊक नसते. आणि यात काही चमत्कारिक आहे असेही आपणांस वाटत नाही.

हा विषय या अंकात घेण्यास एक लहानसे निमित्त झाले. शाळेच्या प्रदर्शनात विद्यार्थ्यांनी शिवलेली झबली, टोपडी, परकर-पोलकी, पिशव्या वगैरे जिन्नस विक्रीस ठेवावे असे ठरत असता, त्यांवर करणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी, जिला हल्ली सर्रास लेबल म्हणतात ती, असावी किंवा नसावी यावर वडील मंडळींत बराच खल झाला. कित्येकांस असे वाटले की नाव लावणे म्हणजे कोवळ्या वयात आत्मप्रौढीचे बीज पेरणे होय. कित्येक म्हणाले की शाळेचे नाव पुरे, मुलांचे कशाला? आम्हांस ही दोन्ही मते मान्य नाहीत. हाताने केलेले वस्त्र विकावयाचे असेल तर त्यावर करणाऱ्याचे नाव असले पाहिजे, आणि नावासोबत त्या वस्त्राविषयी जे खरे असेल तेवढेच, परंतु तेवढे सर्व, लिहिलेले असले पाहिजे, असे आमचे म्हणणे आहे.

प्रदर्शन वर्षातून एकदा होते. हा प्रश्न मात्र रोजचा आहे. पेण व रोहा या तालुक्यांत शिवणयंत्र नाही असे गाव शोधूनच काढावे लागेल, आणि यंत्राच्या कमाईवर ज्यांची शाळेची फी भरली जाते अशी मुलेही या पानाच्या वाचकांत असतील. ओळखीच्या बायकांचे कपडे शिवून देणारीचे नाव गावात सर्वांस माहीत असते. तिला चिठ्ठीची गरज नाही. परंतु जेथे ठेकेदार बेतून कापलेले तुकडे गठ्ठ्याने आणून टाकतो व नगावर मजुरी देतो, तेथली गोष्ट निराळी. त्या गठ्ठ्याबरोबर एका लहान पुडक्यात रेशमी फितीचे तुकडे येतात. त्यांवर कोणा दूरच्या व्यापाऱ्याचे नाव विणलेले असते. शिवणारी बाई ती फीत गळ्याच्या मागे ठेवून त्यावर टीप मारते. आपल्या श्रमावर दुसऱ्याचे नाव, आणि तेही आपल्याच हाताने! यात कायद्याचा भंग नाही, फसवणूकही नाही. व्यापाराची रीत आहे. तथापि तो कपडा मुंबईस पोहोचला की त्याचा पेणशी किंवा रोह्याशी काही संबंध होता हे सांगणारा एकही धागा त्यात उरत नाही. पुढच्या वर्षी ठेकेदाराने हे काम दुसऱ्या जिल्ह्यात नेले, तर गिऱ्हाइकास त्याचा पत्ताही लागावयाचा नाही.

वस्त्रास खूण करण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. आपला परीट पिढ्यानपिढ्या ती जाणतो. बिब्ब्याच्या फळात सुई खुपसून निघालेल्या तेलाने तो कापडाच्या कोपऱ्यावर दोन ठिपके, एक फुली किंवा आडवी रेघ काढी. त्यावर चुना लागला की ती खूण अशी काळी पडे की कपडा फाटून चिंध्या झाल्या तरी ती जात नसे. या गुणामुळेच इंग्रजांनी बिब्ब्यास खुणेचे फळ अशा अर्थाचे नाव दिले. शंभर घरांचे धोतरजोडे एका घाटावर धुऊन ज्याचे त्यास बिनचूक पोहोचविणारी ही लिपी परिटावाचून कोणास वाचता येत नसे. (बिब्ब्याचे तेल अंगास लागले तर उततो व फोड येतात, म्हणून विद्यार्थ्यांनी हा प्रयोग घरी करून पाहू नये.) परंतु ही खूण मालकाची झाली. वस्त्र कोणाचे हे ती सांगते. कोणी केले हे सांगत नाही.

त्यानंतर व्यापाऱ्याची खूण आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मँचेस्टरहून जे कापड मुंबई बंदरात उतरे, त्याच्या ताग्यांवर रंगीत छापाची चित्रे चिकटविलेली असत. त्यांस टिका किंवा टिकीट म्हणत. त्यांवर देवदेवता असत, राजेरजवाडे असत, हत्ती-वाघ असत. ज्यांस अक्षरओळख नव्हती ते चित्रावरून माल ओळखून मागत, आणि चित्र इतके सुबक असे की कित्येक लोक ते जपून ठेवीत. त्या चित्रातील देव आपले, कापूस पुष्कळदा आपल्याच देशातला, आणि नफा मात्र दूरदेशीच्या पेढीचा! लँकेशायरच्या गिरणीत ज्या मजूर स्त्रीने तो माग चालविला, तिचेही नाव त्यावर नव्हते. म्हणजे मालकाची खूण झाली, व्यापाऱ्याची झाली. करणारा तेवढा दोहोंकडून वगळला गेला.

आता आत्मप्रौढीच्या आक्षेपाकडे वळू. आक्षेप घेणारे आपल्या परंपरेचा दाखला देतात. आजीने जुन्या लुगड्यांचे थर घालून, बारीक धावदोऱ्याने शिवलेल्या गोधडीवर कोठे तिचे नाव असते? दाखला उत्तम आहे, पण येथे लागू पडत नाही. गोधडी विकण्यासाठी केलेली नसते. ती पांघरणाऱ्या नातवास ती कोणी शिवली हे पक्के ठाऊक असते. किंबहुना कोणते ठिगळ आईच्या लुगड्याचे व कोणते आत्याच्या, हेही तो सांगू शकतो. जेथे करणारा व वापरणारा एकमेकांस ओळखतात तेथे नावाची चिठ्ठी अनावश्यक, नव्हे हास्यास्पद आहे. तीच गोधडी बाजारात गेली व अनोळखी माणसाने घेतली म्हणजे ती ओळख तुटते. चिठ्ठीचे काम तेथे सुरू होते.

बायबलच्या वर्गात आपण यापो नगरातील टबीथेची कथा वाचतो. तिला दुर्कस असेही म्हणत. ती वारली तेव्हा गावातील विधवा रडत पेत्राभोवती उभ्या राहिल्या आणि तिने हयात असताना शिवलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवू लागल्या. तिच्या वस्त्रांवर चिठ्ठी नव्हती. परंतु प्रत्येकीस माहीत होते की हे दुर्कसने शिवले. त्या बायकांनी तिचे नाव घेतले यास आजवर कोणी दुर्कसची आत्मप्रौढी म्हटलेले नाही.

नाव लावण्याचा अर्थ ‘माझी वाहवा करा’ असा नाही; ‘काही चुकले तर मला विचारा’ असा आहे. सही आणि फुशारकी यांत हाच भेद होय. रोह्याचे म्हणून आपण ज्यांस अभिमानाने ओळखतो ते चिंतामणराव देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्यांच्या सहीच्या नोटा लोकांनी हाताळल्या. नोट म्हणजे काय? कागदाचा कपटा आणि त्यावर कोणीतरी नावानिशी दिलेले वचन. सही काढून टाका, कपटा तेवढा उरतो. ज्या मुलीने झबल्याच्या आत आपले नाव टाचले, तिने त्या झबल्याच्या शिवणीबद्दल वचन दिले. असे वचन देताना ती आतल्या शिवणीचे धागे लोंबते ठेवणार नाही, असा आमचा अनुभव आहे.

नाव नसले म्हणजे विचारावयाचे कोणास, हा प्रश्न काही ठिकाणी फार भयंकर रूप घेतो. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगला देशात ढाक्याजवळ राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत कोसळली. तिच्यात शिवणकामाचे कारखाने होते. अकराशेंहून अधिक माणसे मेली. त्यांत तरुण स्त्रिया पुष्कळ होत्या. हे कपडे कोणकोणत्या कंपन्यांसाठी शिवले जात होते हे सिद्ध करण्यासाठी कार्यकर्त्यांस ढिगाऱ्यातून कपड्यांच्या चिठ्ठ्या वेचाव्या लागल्या. चिठ्ठ्यांवर विकणाऱ्यांची नावे स्पष्ट होती.

याहून बळकट आक्षेप निराळाच आहे, आणि तो कोणी घेतला नाही याचे आम्हांस आश्चर्य वाटले. तो असा की चिठ्ठी खोटेही बोलते. ‘हस्तनिर्मित’ हे चार-पाच अक्षरांचे चिटोरे कोणीही छापून कशावरही लावू शकतो, आणि खऱ्या हातकामापेक्षा खोटे स्वस्त पडत असल्यामुळे खऱ्यासच बाजारातून हाकलून देतो. हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच त्याचा इतिहास जरा विस्ताराने पाहिला पाहिजे, आणि तो पाहावयास आपणांस फार दूर जावे लागत नाही.

कापड कोठले, या प्रश्नावर आपल्या लोकांनी जेवढे सोसले तेवढे क्वचितच कोणी सोसले असेल. १८७७ च्या दिल्ली दरबारास सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, स्वतः कातलेल्या सुताचे वस्त्र लेवून गेले. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाची मोटारलॉरी अडविताना बाबू गेनू या गिरणी कामगाराने तिच्याखाली प्राण दिला. अशा त्यागाने ‘खादी’ या शब्दास जे मोल चढले, त्याचा लाभ उठविण्यास लबाड व्यापारी तयारच होते. गिरणीत जाडेभरडे सूत कातून, गिरणीतच विणून, त्यास खादी म्हणून विकण्याचा धंदा सुरू झाला. १९२५ साली स्थापन झालेला अखिल भारतीय चरखा संघ खऱ्या खादीच्या दुकानदारांस प्रमाणपत्र देई; पण प्रमाणपत्र नसलेल्यास ‘खादी’ हा शब्द वापरण्यापासून अडविणार कोण? शेवटी १९३४ साली कायदा झाला की ‘खद्दर’ किंवा ‘खादी’ हे नाव ज्या कापडास लावले जाईल ते हिंदुस्थानात हाताने कातलेल्या सुताचे व हातमागावर विणलेले आहे असाच त्या शब्दाचा अर्थ धरला जाईल. ज्या चळवळीस सरकार तुरुंगात घालीत होते, तिच्याच एका शब्दास सरकारच्या कायद्याचे संरक्षण मिळावे, हा त्या काळातील एक मौजेचा प्रसंग आहे.

शब्दाचे रक्षण झाले. परंतु कातणारीचे काय? हा प्रश्न गांधीजींनी उचलला. कातणाऱ्या बायांस दिवसाकाठी जी मजुरी मिळे तीत पोट भरणे शक्य नव्हते, आणि त्या मजुरीवर स्वस्त झालेली खादी शुद्ध कशी म्हणावी, असा त्यांचा सवाल होता. १९३५ साली चरखा संघाने कातणारांस निर्वाहापुरती मजुरी देण्याचे तत्त्व स्वीकारले. या कामी ज्यांनी सर्वांत कठोर प्रयोग केला ते विनोबा भावे पेण तालुक्यातील गागोद्याचे. ११ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांचा जन्म तेथे झाला आणि त्यांचे बालपण तेथे गेले. कातणाऱ्याच्या मजुरीत माणूस जगू शकतो किंवा नाही, हे दुसऱ्यास विचारत न बसता ते स्वतः रोज तासचे तास कातीत राहिले व त्या मजुरीत भागविण्याचा त्यांनी प्रयत्न केला. चिठ्ठीवर लिहिलेले प्रत्येक अक्षर आधी स्वतःच्या देहावर तपासून पाहणारा असा परीक्षक आम्हांस तरी दुसरा आढळलेला नाही. आपल्याच तालुक्याचा हा वारसा असता, आपल्या मुलांनी ‘हाताने केलेले’ हे शब्द सैलपणे वापरावे हे शोभत नाही.

पुढे १९५६ च्या कायद्याने खादी व ग्रामोद्योग आयोग अस्तित्वात आला, २०१३ साली ‘खादी मार्क’ची नियमावली झाली, हातमागाच्या कापडासाठी २००६ सालापासून निराळी खूण आहे. तरीही गोष्ट मिटलेली नाही. २०२२ साली मुंबईत एका जुन्या व प्रतिष्ठित संस्थेचे प्रमाणपत्र, तिच्या भांडारात खादी नसलेला माल खादी म्हणून विकला जातो या कारणासाठी, आयोगाने रद्द केले. म्हणजे कायदा आहे, खूण आहे, आणि तरी पहारा सुटला की खूण निरर्थक होते. यावरून खूणच नको असे म्हणणारास आम्ही विचारू, की खोटी नाणी निघाली म्हणून टाकसाळ बंद करतात काय?

याच १९३४ सालचा दुसरा एक दाखला पाहा. स्कॉटलंडच्या पश्चिमेस समुद्रात लुईस, हॅरिस वगैरे बेटे आहेत. तेथील लोक आपल्या घरी मागावर लोकरीचे जाड कापड विणतात. त्यास हॅरिस ट्वीड म्हणतात. नकली माल फार झाला तेव्हा त्यांनी पृथ्वीगोल व त्यावर क्रूस अशी खूण १९१० साली नोंदविली, आणि तपासणी होऊन प्रत्येक ताग्यावर ती उमटविण्याची पद्धत घातली. १९३४ साली त्यांनी आपला नियम शिथिल केला: सूत बेटांवरील गिरणीत कातलेले चालेल, विणाई मात्र विणकराच्या घरीच, हातापायांच्या बळावर झाली पाहिजे. आपल्याकडे त्याच वर्षी कायद्याने सूतही हातचेच असावे असे ठरविले. कोणी बरोबर, कोणी चूक? आमच्या मते दोघेही बरोबर. कारण दोघांनीही आपल्या खुणेचा अर्थ काय, हे चारचौघांत सांगून टाकले. १९९३ साली ब्रिटिश पार्लमेंटाने त्या कापडासाठी स्वतंत्र कायदाच केला. समुद्राने वेढलेल्या, पावसाने झोडपलेल्या त्या खेड्यांतील विणकर आजही घरी बसून विणीत आहेत, यास त्या खुणेचे पाठबळ थोडे नाही.

आणि खूण न केल्याने काय होते, हे पहावयाचे असेल तर पेणच्या गणपतीच्या कारखान्यांकडे पाहावे. पेण शहर, हमरापूर, जोहे, कळवे येथील कारागिरांनी पिढ्यानपिढ्या जी आखणी, जे डोळे, जी रंगसंगती सिद्ध केली, तिच्यामुळे ‘पेणची मूर्ती’ म्हटले की मुंबईच्या गिऱ्हाइकाचा हात सैल सुटतो. परिणाम असा की जी मूर्ती पेणची वेससुद्धा ओलांडून आली नाही तीही पेणची म्हणून खपते. रंग चढल्यावर आत शाडू आहे की प्लास्टर ऑफ पॅरिस, हेही नुसत्या नजरेस कळत नाही. विसर्जनानंतर पाण्यास तेवढे कळते. गावाचे नाव मोठे झाले, पण ते कोणीही वापरावे असे फार काळ मोकळे राहिले. कपड्याच्या बाबतीत आपणांस अजून मोठे नाव मिळावयाचे आहे, म्हणून शिस्त आताच लावून घेणे सोपे.

कापडाच्या बाबतीत आपल्या जिल्ह्यास एक विशेष जबाबदारी आहे. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात (१९८१ साली जिल्ह्याचीच पाटी बदलून ती रायगड झाली) विनोबांचे गागोदे आहे, आणि त्याच जिल्ह्यात पाताळगंगेच्या काठी १९८२ साली पॉलिएस्टर धाग्याचा प्रचंड कारखानाही सुरू झाला. पॉलिएस्टरची आम्हांस ॲलर्जी नाही. ते टिकते, लवकर वाळते, आणि कोकणच्या पावसाळ्यात चार दिवस दोरीवर दमट राहणाऱ्या सुती गणवेशाला कंटाळलेल्या मातांस त्याची थोरवी आम्ही सांगावयास नको. आक्षेप आहे तो ते सुती म्हणून विकण्यास. दोहोंची मिसळ असलेले कापड चांगल्या जाणत्यासही स्पर्शाने ओळखत नाही. संशय आल्यास वडील माणसासमक्ष दोन धागे चिमट्यात धरून जाळून पाहावे. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचाच येतो, आणि मागे मऊ करडी राख उरते. पॉलिएस्टर आक्रसते, वितळते, आणि शेवटी कडक काळी गोळी होते. आपण जे कापड वापरले त्याची ही परीक्षा करूनच चिठ्ठीवर ‘सुती’ हा शब्द लिहावा.

मग लिहावे तरी काय? आमच्या शाळेतील झबले बहुधा भिवंडीसारख्या ठिकाणी यंत्रमागावर विणलेल्या कापडाचे असते. शिवण पायाच्या यंत्रावर होते. काजे, बटणे व गळ्याभोवतीचे भरतकाम हाताने होते. त्यास नुसते ‘हस्तनिर्मित’ म्हणणे अर्धसत्य झाले. त्यावर असे लिहावे: ‘कापड सुती, यंत्रमागाचे, शिलाई घरच्या यंत्रावर, काजे व भरतकाम हाताने.’ हे वाचून गिऱ्हाईक पाठ फिरवील अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. शिवणयंत्रास तर खुद्द गांधीजींनीही आपल्या यंत्रविरोधातून वगळले होते. मानवाने केलेल्या थोड्या उपयुक्त शोधांत त्यांनी त्याची गणना केली. यंत्रापुढे बसलेल्या बाईचे कौशल्य यंत्रामुळे लोपत नाही. बाही बसविणे हे ज्याने एकदा करून पाहिले आहे त्यास हे पटवून द्यावे लागत नाही. पैठणीचे उदाहरण घ्या. हातमागावरील अस्सल पैठणीचा पदर उलटून पाहिला तर उलट बाजूही सुलट बाजूसारखीच स्वच्छ दिसते. यंत्रावरील नकलेत मागे कापलेले धागे दिसतात. यंत्राची साडी ‘यंत्राची’ म्हणून विकली तर कोणाचे काय बिघडते? स्वस्त साडी नेसण्याचा अधिकार गरिबास आहेच. बिघडते ते तिला येवल्याच्या विणकराचे नाव दिल्याने.

एक गोष्ट मात्र कितीही शब्द लिहिले तरी चिठ्ठीत मावत नाही. अमेरिकेत १८९९ सालापासून ग्राहकांच्या एका संघाने, फ्लोरेन्स केली या बाईंच्या पुढाकाराने, एक पांढरी चिठ्ठी चालविली होती. ज्या कारखान्यात कायदा पाळला जातो, जादा वेळ राबवीत नाहीत व सोळा वर्षांखालील मुले कामास लावीत नाहीत, त्याच्याच कपड्यांस ती मिळे. घरोघरी शिवावयास दिलेला माल तिच्यातून कटाक्षाने वगळलेला होता. कारण घराच्या दाराआड कोण किती राबते हे तपासता येत नाही. हे वाचून आम्ही जरा थबकलो. आपल्या घरीही दिव्याखाली आईशेजारी बसून बटणे लावणारी, धागे कापणारी मुले आहेत. आईस मदत करणे हे मुलाचे भूषण आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ठेकेदाराचा गठ्ठा उद्या सकाळी परत जावयाचा आहे म्हणून मुलीचा गृहपाठ रोजच राहत असेल, तर ती मदत नव्हे, मजुरी होय, आणि ती नगाच्या दरात कोणी धरलेली नाही. पालकांनी या वाक्याचा राग मानू नये. दर ठरविताना ठेकेदारापुढे हीच गोष्ट काढावी, एवढ्यासाठीच ते लिहिले आहे. ज्यांच्या हातचा माल नावाने मागितला जातो त्यांस दराची घासाघीस करता येते. ज्यांचे नावच नाही त्यांस ‘दुसऱ्या पुष्कळ आहेत’ हे उत्तर ठरलेले.

नाव कोणाचे, यासंबंधी व्यवहारातील अडचण आहेच. एका कपड्यास एक बाई बेतते, दुसरी शिवते, तिसरी काजे करते. अशा वेळी बचतगटाचे नाव व गावाचे नाव लिहावे. कोणा बाईस आपले नाव परक्या घरात जाऊ नये असे वाटत असेल, तर तिच्यावर सक्ती नसावी. गाव लिहावे आणि एखादी ठरलेली खूण करावी. आपल्या परिटास दोन ठिपके पुरत असत. गावाचे नाव माणसास चिकटून किती दूर जाते, हे तर आपल्या जिल्ह्यातील बेने इस्राएल मंडळींकडे पाहून कळावे. त्यांची पेणकर, रोहेकर ही आडनावे त्या त्या गावावरून पडलेली आहेत, आणि ही मंडळी इस्राएल देशात जाऊन राहिल्यावर ती नावेही त्यांच्यासोबत गेली. रोह्यापासून कोकण रेल्वे सुरू होते व मुंबई काही तासांवर आहे. रोह्यात शिवलेले झबले कोठेही जाऊ शकते. त्याच्याबरोबर रोहे हा शब्द का जाऊ नये?

प्रदर्शनासाठी कामास लागलेल्या मुलांस आता दोन शब्द सांगतो. कागदाची चिठ्ठी दोऱ्याने बांधली तर ती विकणाराच्याच उपयोगाची. पहिल्या धुण्याआधी ती निघून जाते. चिठ्ठी कापडाचीच असावी. पांढऱ्या सुती फितीचा दोन बोटे लांब तुकडा घेऊन त्यावर पेन्सिलीने अक्षरे काढावी व एकपदरी दोऱ्याने उलटी टीप घालीत ती भरावी. जोडाक्षरे असलेल्या नावांच्या मुलांनी धीर धरावा. कडा आत दुमडून चारही बाजूंनी बारीक टाक्यांनी टाचावी, आणि टाका फक्त आतल्या पदरातून घ्यावा, म्हणजे बाहेरून दिसत नाही. मोठ्या माणसाच्या कपड्यास गळ्याच्या मागे लावणे सोयीचे. तान्ह्या मुलाच्या झबल्यास तेथे कधीही लावू नये. मानेस टोचते, व मूल का रडते हे आईस कळत नाही. त्यासाठी खालच्या घेरातील दुमड किंवा बाजूची शिवण बरी. फीत मात्र लावण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, मग इस्त्री करून घ्यावी. कोरी फीत धुण्यात आटते, आणि आटली की तिच्याभोवतीचे चांगले कापडही चुरगळून ओढले जाते.